कारण न देण्याचा अधिकार

१९५५च्या नागरिकत्व कायद्यातले चौदावे कलम छोटे आहे. एका दमात वाचून होते. नोंदणीने किंवा देशीयीकरणाने भारताचे नागरिकत्व मागणाऱ्याचा अर्ज मंजूर करायचा की नाकारायचा हे सरकारने आपल्या मर्जीने ठरवावे आणि मंजुरीचे वा नकाराचे कारण देण्याचे बंधन सरकारवर नसावे, असे ते सांगते. कलमाचा दुसरा भाग त्याहून पुढे जातो. हा निर्णय अंतिम राहील आणि कोणत्याही न्यायालयात त्याबद्दल प्रश्न उपस्थित करता येणार नाही. फेरविचार हवा असेल तर तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. कोणाकडे? केंद्र सरकारकडेच.

२०१९च्या दुरुस्तीवरून देशभर रणकंदन झाले. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही, यावर रस्त्यांवर, संसदेत, साहित्य संमेलनांत लोक भांडले. ते भांडण आवश्यकच होते. पण त्या गदारोळात चौदाव्या कलमाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. दाराची रुंदी किती असावी यावर आपण वाद घातला. दारावर बसलेल्या माणसाला उत्तर देण्याची गरजच नाही, हे आपण जणू गृहीत धरले. माझा आक्षेप या गृहीताला आहे. नागरिकत्वाच्या अटी कडक असाव्यात की सैल, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. अटी पूर्ण केलेल्या माणसाला कारण न सांगता परत पाठवण्याचा अधिकार मात्र कोणत्याही प्रजासत्ताकाला शोभत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीत याला नॅचरलायझेशन म्हणतात. जन्माने जो आपला नाही त्याला कायद्याने जन्मल्यासारखा करून घ्यायचे, अशी त्यामागची कल्पना. मराठीतला देशीयीकरण हा शब्द उच्चारायला जड आहे, पण अर्थाने जास्त प्रामाणिक आहे. माणूस देशी होतो, होत जातो, त्याला वेळ लागतो, हे त्या शब्दात आहे. मराठी माणूस नव्या माणसाला भेटला की दुसऱ्या वाक्यात ‘मूळ गाव कोणते’ असे विचारतो. तंजावरच्या मराठी घरांतही हा प्रश्न विचारला जातो, आणि तिथे त्याचे उत्तर साडेतीनशे वर्षे मागे जाते. इतक्या काळानंतर मूळ गाव ही आठवण उरते. आजचे गाव हीच ओळख होते. देशीयीकरणाचा कायदा हे सत्य कागदावर आणण्यासाठी असतो. माणूस इथला झालेला असतो. सरकारने फक्त ते मान्य करायचे असते.

कायद्याने त्यासाठी काय मागितले आहे? तिसऱ्या अनुसूचीत अटी आहेत. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य हवे. त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात काढलेली हवीत. चारित्र्य चांगले हवे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असेल तर ते सोडण्याची हमी हवी. पुढेही भारतात राहण्याचा इरादा हवा. आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे.

१९५५ साली हा काळ बराच कमी होता. शेवटच्या बारा महिन्यांआधीच्या सात वर्षांपैकी चार वर्षे पुरत. १९८६च्या दुरुस्तीने बारापैकी नऊ केली, २००३च्या दुरुस्तीने चौदापैकी अकरा. म्हणजे पाच वर्षांवरून दहा आणि दहावरून बारा. २०१९मध्ये अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी अकराची पाच झाली. बाकीच्यांसाठी अकरा अकराच राहिली. वर्षे वाढली तेव्हा कोणी मोर्चे काढल्याचे ऐकिवात नाही. वाट पाहणाऱ्यांना मत नसते, आणि ज्यांना मत नसते त्यांच्या रांगेची लांबी निवडणुकीचा मुद्दा होत नाही.

वर्षांपेक्षा मोठा बदल २००३च्या दुरुस्तीने एका व्याख्येत केला. वैध पारपत्राशिवाय आलेला किंवा मुदत संपल्यावर राहिलेला परदेशी माणूस ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरला, आणि त्याला देशीयीकरणाचा अर्जच करता येईनासा झाला. वरवर हे रास्त वाटते. कायदा मोडून आलेल्याला बक्षीस का द्यायचे? पण जाफन्यात बॉम्ब पडत असताना होडीतून रामेश्वरमकडे निघालेल्या कुटुंबाकडे व्हिसा कुठून असणार? १९८३पासून श्रीलंकेतून आलेले तमिळ लोक तामिळनाडूतल्या छावण्यांत राहिले. तिथे त्यांची मुले जन्मली, त्या मुलांना मुले झाली. १ जुलै १९८७नंतर जन्मलेल्यांना आईवडिलांपैकी कोणी भारतीय नसेल तर जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आणि २००४पासून तो नियम आणखी आवळला गेला. त्यामुळे ज्याने भारताबाहेर पाऊल ठेवलेले नाही, ज्याचे सगळे शिक्षण तमिळमध्ये झाले, असा तरुण आज कायद्याच्या नजरेत परका आहे. चाळीस वर्षांचे वास्तव्य आहे, पण ते मोजायचे नाही असे ठरले आहे. २०१९ची दुरुस्तीही त्याच्यासाठी नाही, कारण त्या तीन देशांत श्रीलंका नाही.

याच लोकांमध्ये चहामळ्यांवरचे तमिळही आहेत. त्यांच्या पूर्वजांना ब्रिटिशांनी भारतातून सिलोनला मजुरीला नेले. १९६४च्या सिरिमावो-शास्त्री कराराने त्यांची दोन देशांत वाटणी केली. त्यांच्यातल्या काहींच्या याचिकांवर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने जून २०१९मध्ये निकाल दिला. न्यायालयाने नागरिकत्व दिले नाही. त्यांना अर्ज करू द्यावा, जिल्हाधिकाऱ्यांनी ते पुढे पाठवावेत आणि केंद्राने त्यावर निर्णय घ्यावा, एवढेच सांगितले. अर्ज स्वीकारून पुढच्या टेबलावर ठेवा, हे सांगायलाही उच्च न्यायालय लागले.

घोडे इथेच पेंड खाते. नकार द्यायला निदान कागद लागतो, सही लागते. कागद पुढेच न पाठवणे याला काही लागत नाही. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा आणि हाजोंग लोकांच्या बाबतीत सहा महिन्यांचे साठ वर्षे होत आली.

चितगाव डोंगरी भागात कर्णफुली नदीवर कप्ताई धरण झाले आणि हजारो चकमांची शेती पाण्याखाली गेली. त्यात पूर्व पाकिस्तानातल्या छळाची भर पडली. १९६४पासून सुमारे पंधरा हजार लोकांना भारत सरकारनेच तेव्हाच्या नेफामध्ये वसवले. ते चोरून आले नव्हते, सरकारने आणून ठेवले होते. पुढे त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले. ते देशीयीकरणाच्या नव्हे तर नोंदणीच्या कलमाखालचे होते, पण चौदावे कलम दोन्हींना लागू आहे आणि टेबलही तेच. नियमाप्रमाणे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने अर्ज पुढे पाठवायचा आणि केंद्राने निर्णय घ्यायचा. अर्ज पुढे गेलेच नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अर्ज अडवून ठेवण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला नाही; अर्ज न पाठवणे म्हणजे त्या माणसांचा विचार होण्याचा हक्कच नाकारणे. एकोणीस वर्षांनी, सप्टेंबर २०१५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला त्याच लोकांसाठी पुन्हा आदेश द्यावा लागला, या वेळी तीन महिन्यांची मुदत घालून. ते तीन महिने केव्हाच उलटले. प्रश्न मिटलेला नाही.

अरुणाचलच्या मूळ जमातींची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. जमीन थोडी, लोकसंख्या थोडी, आणि दिल्लीने न विचारता शेजारी आणून वसवलेले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे आणि त्याला दिल्लीने उत्तर दिले पाहिजे. जमिनीच्या हक्कांचे संरक्षण कसे राहील, वसाहतीचा भार एकाच राज्याने का उचलावा, हे प्रश्न उघडपणे सोडवण्याचे आहेत. अर्ज कपाटात ठेवून ते सुटत नाहीत. उलट दोन्ही बाजूंना वाटत राहते की उद्या काहीही होऊ शकते, आणि कुऱ्हाड कोणावर पडेल ते ठाऊक नसल्याने दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहतात. सरकारच्या मौनाची किंमत अशी शेजाऱ्यांनी मोजायची असते.

आता भाषेच्या अटीकडे येतो. अनेक भाषांच्या या नियतकालिकाच्या वाचकांना ती विशेष लागू पडते. आठव्या अनुसूचीत १९५०मध्ये चौदा भाषा होत्या. आज बावीस आहेत. सिंधी १९६७मध्ये आली, कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी १९९२मध्ये, बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी २००३मध्ये. इंग्रजी त्यात नाही. ही अट मला मुळात आवडते. परक्याने कोणत्याही एका भारतीय भाषेत रुजावे, आणि ती हिंदीच असावी असा आग्रह नसावा, यात या प्रजासत्ताकाची समज दिसते. एखादा माणूस फक्त मराठीच्या किंवा फक्त संथाळीच्या जोरावर भारतीय होऊ शकतो. असा विचार करणारे देश थोडे असतील.

पण त्या यादीच्या कुंपणाबाहेर गोंडी आहे, भिली आहे, तुळू आहे, खासी आणि मिझो आहेत. गडचिरोलीच्या जंगलात वीस वर्षे राहून अस्खलित गोंडी बोलणारा परदेशी माणूस कायद्याच्या लेखी भारतीय भाषा न येणारा आहे. चकमा भाषेला स्वतःची लिपी आहे. तीही यादीत नाही. जन्माने भारतीय असलेल्या लाखो लोकांची मातृभाषा नागरिकत्वाला अपुरी ठरते, हे आपल्याला खटकत कसे नाही? आणि ‘पुरेसे ज्ञान’ म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेले नाही. भाषेचा पुरावा म्हणून शिक्षणसंस्थेचा किंवा जिल्ह्यातल्या दोन नागरिकांचा दाखला चालत आला आहे. ११ मार्च २०२४ला २०१९च्या दुरुस्तीचे नियम आले. त्यांत अर्जदाराचे स्वतःचे निवेदन पुरते, आणि बोलता किंवा वाचता किंवा लिहिता येत असेल तर ज्ञान पुरेसे मानले जाते. ही व्याख्या सुज्ञ आहे. निरक्षर माणसालाही भाषा असते, हे ती मान्य करते. मग एवढे शहाणपण सहा धर्मांपुरतेच का ठेवायचे? सगळ्याच अर्जदारांना ते लागू केल्याने कोणाचे काय बिघडते?

त्याच नियमांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. सरकारला हवे असेल तेव्हा कागदांचा डोंगर उतरतो. कोणत्या देशातून आलो हे दाखवायला अनेक प्रकारच्या जुन्या कागदांपैकी एक चालतो, मुदत संपलेला असला तरी. जिल्हा पातळीवर समिती बसते. राज्यांकडे अर्ज अडकण्याची शक्यता टाळली जाते. त्याआधी २०१६मध्येही याच सहा समाजांसाठी नागपूर, पुणे, ठाणे यांच्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना थेट अधिकार दिले होते. पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या हिंदू कुटुंबांना याचा दिलासा मिळाला असेल तर त्यात आनंदच आहे. पण ‘यंत्रणा गुंतागुंतीची आहे, वेळ लागतोच’ ही सबब त्यानंतर कोणत्या तोंडाने द्यायची?

या सगळ्या कागदांमध्ये मला सर्वांत बोलका वाटतो तो जाहिरातीचा नमुना. देशीयीकरण मागणाऱ्याने आपल्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात जाहीर करायचे, की मी नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे. ते मला का मिळू नये याचे कारण कोणाला ठाऊक असेल तर त्याने लेखी आणि सहीनिशी गृहमंत्रालयाला कळवावे. अनेक वर्षे ही रीत चालली. पाहा, शेजाऱ्याने विरोध करायचा तर कारण हवे, लेखी हवे, खाली सही हवी. सरकारने विरोध करायचा तर यातले काहीच नको.

हे कलम आले कुठून? आपल्या ऋषिमुनींकडून तर नक्कीच नाही, आणि घटना समितीकडूनही नाही. १९४८च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये हीच तरतूद होती: मंत्र्याने कारण देण्याची गरज नाही आणि निर्णय न्यायालयात तपासला जाणार नाही. सात वर्षांनी आपण ती उचलली. गंमत पुढेच आहे. ब्रिटनमध्ये १९९६मध्ये फायेद बंधूंच्या प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितले की अंतिम नकाराचे कारण द्यावे लागत नसले तरी अर्जदाराबद्दल कोणत्या शंका आहेत हे त्याला आधी कळवलेच पाहिजे. नाहीतर तो उत्तर कशाला देणार? २००२मध्ये ब्रिटिश संसदेने कारण न देण्याची ती तरतूदच रद्द केली. ज्यांनी हे कुलूप बनवले त्यांनी ते फेकून दिले. आपण मात्र ते पुसूनपासून जपतो आहोत. भारतीय दंडसंहितेचे नाव बदलले, फौजदारी प्रक्रिया संहिता बदलली, १ जुलै २०२४पासून नवे कायदे लागू झाले, आणि हे सारे वसाहतवादी मनोवृत्ती पुसण्यासाठी आहे असे आपल्याला सांगण्यात आले. तसे असेल तर पुसायला चौदाव्या कलमाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

यावर ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे, की नागरिकत्व मागणे हा परक्याचा हक्क नाही. कोणाला घ्यायचे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे. मान्य. अर्ज मंजूर झालाच पाहिजे असा हक्क मी मागत नाही. पण राज्यघटनेचे चौदावे आणि एकविसावे अनुच्छेद ‘व्यक्ती’साठी आहेत, केवळ नागरिकांसाठी नाहीत. कायद्यापुढील समानता परक्यालाही आहे, आणि मनमानी हा समानतेचा शत्रू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. कारणच न सांगितलेला निर्णय मनमानी आहे की नाही, हे कोण आणि कसे तपासणार?

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे. गुप्तचर खात्याचा अहवाल अर्जदाराच्या हातात कसा द्यायचा? देऊ नका. १९६७चा पारपत्र कायदा पाहा. पारपत्र नाकारताना अधिकाऱ्याने थोडक्यात कारण लिहून ठेवायचे, मागितल्यास त्याची प्रत द्यायची, आणि देशाची सुरक्षितता वा परराष्ट्र संबंध आड येत असतील तरच प्रत अडवायची. त्यावर अपिलाची सोयही आहे. अर्धशतकाहून जास्त काळ हा कायदा चालला. देश बुडाला नाही. अपवादाला अपवादाच्या जागी ठेवता येते. चौदाव्या कलमाने अपवाद उचलून नियमाच्या पाटावर बसवला आहे.

तिसरे उत्तर असे, की माहितीचा अधिकार आहे ना! २००५च्या त्या कायद्याचे चौथे कलम खरोखर सांगते, की प्रशासकीय निर्णयांची कारणे संबंधित व्यक्तींना द्यावीत. पण तिसऱ्या कलमात माहिती मागण्याचा हक्क ‘नागरिकांना’ दिलेला आहे. म्हणजे नागरिकत्व का नाकारले हे विचारायला आधी नागरिक असावे लागते! दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये हा अर्थ इतका आखूड करू नये असे म्हटले, हे बरे झाले. पण माणसाच्या आयुष्याचा प्रश्न अशा चिंधीवर लटकत ठेवणे योग्य नाही.

चौथे उत्तर बहुतेक वेळा मोठ्याने दिले जात नाही, पण मनात असते: सैल सोडले तर लोंढे येतील. हे भय जुने आहे, आणि त्याचा एक वक्ता आपला अमरावतीचा होता. ऑगस्ट १९४९मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या अनुच्छेदावर चर्चा झाली. या अनुच्छेदाने मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी आणखी एखाद्याच अनुच्छेदाने दिली असेल, असे बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहाला सांगितले होते. पंजाबराव देशमुखांचा आक्षेप होता, की या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. विमान मुंबईत दोन तास थांबले आणि त्यातली बाई बाळंत झाली तर ते मूल भारतीय होणार का, असे त्यांनी विचारले. कुठेही राहणाऱ्या, दुसऱ्या देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू आणि शीख माणसाला हा हक्क द्यावा, अशी त्यांची सूचना होती. सभागृहाने ती स्वीकारली नाही. विदर्भातल्या बहुजनांना शाळेची दारे उघडून देणारा हा मोठा माणूस या एका प्रश्नावर दार लहान करायला निघाला होता, असे मला वाटते. पण त्यांचा एक गुण मान्य करायला हवा: ते भर सभागृहात, कारणे देऊन बोलले. त्यांचे म्हणणे आज खोडता येते ते त्यामुळेच. फाईलवरच्या मौनाचे काय खोडणार?

आणि स्वस्ताईचे भय आज कोणाला वाटावे? मुंबईच्या विमानतळावर जन्मणारे ते काल्पनिक मूल १९८७मध्येच कायद्याबाहेर गेले. लोंढा उलट्या दिशेने वाहतो आहे. एकट्या २०२२मध्ये २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. त्यांत पुण्याचे, नाशिकचे, नागपूरचे लोक भरपूर असणार. न्यू जर्सीतला आपला भाचा अमेरिकेचे नागरिकत्व मागतो तेव्हा काय होते? नकार मिळाला तर कारण लेखी मिळते. त्यावर सुनावणी मागता येते, त्यानंतर संघीय न्यायालयात सगळा मामला पुन्हा पहिल्यापासून तपासून घेता येतो. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर त्यासाठीही न्यायालयात जाता येते. आपल्या भाच्याला परक्या देशात हे मिळावे अशी आपली रास्त अपेक्षा असते. आपल्या दारी आलेल्याला तेच देताना मात्र आपली जीभ जड होते.

कायद्यात एक खिडकीही आहे, आणि ती साहित्यिकांना आवडण्यासारखी आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा केलेल्यांना सगळ्या अटी माफ करण्याचा अधिकार सहाव्या कलमाने सरकारला दिला आहे. भारतात येऊन भारतीय झालेल्या मोठ्या माणसांची नावे आपण अभिमानाने घेतो. रामकथेचा अभ्यास करणारे आणि इंग्रजी-हिंदी कोश रचणारे बेल्जियमचे फादर कामिल बुल्के १९५१मध्ये भारतीय झाले, व्हेरियर एल्विन १९५४मध्ये, जीवशास्त्रज्ञ हाल्डेन १९६१मध्ये. कासेगावात राहून महात्मा फुल्यांवर लिहिणाऱ्या गेल ऑम्व्हेट १९८३मध्ये भारतीय नागरिक झाल्या. या माणसांमुळे आपल्या भाषा श्रीमंत झाल्या, यात शंका नाही. पण त्यांची नावे घेऊन आपण स्वतःची पाठ थोपटतो, तेव्हा एक लबाडी होते. हाल्डेनसाठी कोणताही देश दार उघडेल. कायद्याची कसोटी लागते ती छावणीत रंगकाम करणाऱ्या मजुरासाठी, ज्याने मानवी प्रगतीची कोणतीही विशेष सेवा केलेली नाही. तो फक्त राहिला, राबला आणि मुलांना शाळेत घातले. मोठ्यांसाठी खिडकी आणि लहानांसाठी बंद दार, ही रचना दरबाराची आहे. प्रजासत्ताकात दार सर्वांना एकच असावे लागते.

मग मागणी काय? ती क्रांतिकारक नाही. चौदाव्या कलमातून कारण न देण्याची मुभा काढावी आणि पारपत्र कायद्यासारखा मर्यादित अपवाद ठेवावा. नकारापूर्वी अर्जदाराला शंका कळवून त्याचे म्हणणे ऐकावे. नियमांत प्रत्येक टेबलाला मुदत आहे. ती मोडली तर काय होईल, हेही नियमांतच लिहावे. निर्णयावर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील असावे, नकार देणाऱ्याच्याच दारात नव्हे. ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून सरकारने स्वतः छावणीत ठेवलेल्या, स्वतः नोंद केलेल्या निर्वासितांना वगळावे, त्यांचा देश वा धर्म न पाहता. ज्यांना आपण चाळीस वर्षे शिधा दिला त्यांना आपण ओळखत नाही, हे नाटक बंद व्हावे. आणि भाषेची अट राहू द्यावी, पण ती भारतात बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेसाठी असावी. यातले काहीही केल्याने एकही अपात्र माणूस नागरिक होणार नाही. पात्र माणसाला उत्तर मिळेल, एवढेच.

लेखकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आपला धंदा शब्दांचा आहे आणि हा मामला शब्द नाकारण्याचा आहे. जो माणूस आपल्यापैकी एक होऊ मागतो, आपली भाषा शिकतो, आपल्या राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यायला तयार असतो, त्याला आपले राज्य एका वाक्याचेही देणे लागत नाही, असे कायदा म्हणतो. ती शपथ कोणत्याही धर्माची, वंशाची वा मातीची नाही. ती राज्यघटनेची आहे. आणि त्या राज्यघटनेचा पहिला संस्कारच हा, की सत्ता वापरणाऱ्याने कारण सांगावे. नव्या नागरिकाला शपथ देण्याआधी सरकारने स्वतः ती एकदा वाचावी.